काळा चेहरा, गोरे प्रमाण

एखाद्या घरातला 1970 किंवा 1980 च्या दशकातला लग्नाचा रंगीत फोटो पाहावा. नवऱ्याचा सदरा पांढराशुभ्र, मुंडावळ्यांची झळाळी जशीच्या तशी; चेहरा मात्र काळवंडलेला, नाकाडोळ्यांची ठेवण हरवलेली. पाहणारा म्हणतो, ‘मुळात रंगच काळा, त्याला फोटो तरी काय करणार?’ पुढच्या लग्नात फोटोआधी तोंडाला पावडर थापली जाते. म्हणजे दोष चेहऱ्याच्या माथी मारून सगळे मोकळे होतात. ज्या यंत्राने तो चेहरा टिपला, त्याची चौकशी कोणी करीत नाही. ती येथे करावयाची आहे.

लग्नमंडपात तोच चेहरा आपल्याला नीट दिसला होता. असे का? डोळा सारे दृश्य एका दमात पाहत नाही. तो पांढऱ्या सदऱ्यावरून काळ्या चेहऱ्याकडे वळतो तेव्हा दृष्टिपटल त्या उजेडाशी जुळवून घेते आणि मेंदू साऱ्या तुकड्यांचा मेळ घालतो. फिल्मला ही सवड नाही. झडप एका क्षणापुरती उघडते आणि सदरा व चेहरा यांना प्रकाशाचे एकच माप लागू होते. गोरी त्वचा अंगावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे तिसरा हिस्सा परत पाठवते. अतिशय काळी त्वचा दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. सदऱ्याला पुरेल एवढाच प्रकाश आत घेतला, तर चेहरा अंधारात जाणारच.

दुसरी गोष्ट रंगाची. तपकिरी रंग इंद्रधनुष्यात शोधून सापडत नाही. तो खरे तर मंद झालेला नारिंगी असतो. भोवती अधिक उजळ काही असले म्हणजेच तो आपल्याला तपकिरी दिसतो. माणसाची त्वचा गोरी असो वा काळी, या नारिंगी-तपकिरी पट्ट्यातच येते. रंगीत फिल्ममध्ये निळ्या, हिरव्या व तांबड्या प्रकाशाला जागे होणारे तीन थर असतात. त्यांचे रसायन कोणत्या छटांसाठी बारकाईने जुळवायचे, हे निसर्ग ठरवीत नाही. कारखान्यातली माणसे ठरवतात.

त्यांनी काय ठरविले? अमेरिकेतील कोडॅक कंपनी 1950 च्या दशकापासून छपाई करणाऱ्या प्रयोगशाळांना एक नमुन्याचे छायाचित्र पुरवीत असे. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्यावर एक गोरी तरुणी असे. तिच्या चेहऱ्याचा रंग बरोबर उतरला, की यंत्र बरोबर लागले असे मानायचे. मग त्याच बेताने साऱ्या जगाचे चेहरे छापायचे. गोऱ्या व काळ्या मुलांचा एकत्र फोटो काढला, की गोऱ्या मुलांचे चेहरे नीट येत आणि काळ्या मुलांचे फक्त डोळे व दात उरत.

कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी कंपनीशी संबंधित जुन्या माणसांना भेटून हा इतिहास 2009 साली मांडला. त्यातला एक तपशील विसरता येत नाही. गडद तपकिरीच्या छटा सुधारण्याकडे कंपनीचे लक्ष वेधले ते लाकडी सामान व चॉकलेट बनविणाऱ्यांच्या तक्रारींनी. जाहिरातीत एका लाकडाचा रेषा-पोत दुसऱ्याहून वेगळा दिसत नाही, दुधाचे चॉकलेट आणि कडू चॉकलेट सारखेच दिसते, ही त्यांची तक्रार होती. लाकडाला ग्राहक होता, चॉकलेटला ग्राहक होता; म्हणून त्यांचा तपकिरी रंग मोलाचा ठरला. माणसाच्या तपकिरी रंगाला तोवर कोणी दाद दिली नव्हती. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेले कार्ड आले ते 1990 च्या दशकात.

फिल्म गेली, संगणक आला. प्रश्न मात्र मिटला नाही. चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या संगणकप्रणाली जॉय बुओलाम्विनी व टिम्निट गेब्रू यांनी तपासल्या. त्यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेले निष्कर्ष असे : गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर 0.8 टक्के, काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती 34.7 टक्क्यांपर्यंत. पुढे आणखी एक गोष्ट घडली. चूक आकड्यांत मांडली गेल्यावर त्या कंपन्यांच्या नव्या प्रणालींतील चुका बऱ्याच कमी झाल्या. म्हणजे ‘तंत्राची मर्यादा’ म्हणून जे सांगितले जात होते, ते पुष्कळसे दुर्लक्ष होते.

‘प्रमाण’ हा शब्द आपल्याला भाषेच्या वादातून चांगला परिचयाचा आहे. एकाची बोली प्रमाण ठरली, की बाकीच्यांची आपोआप अशुद्ध होते. फोटोतही तेच घडले. प्रमाण शांतपणे यंत्राच्या पोटात जाऊन बसते आणि बाहेर येणाऱ्या चित्राला आपण ‘वस्तुस्थिती’ म्हणू लागतो.

तेव्हा पुढच्या वेळी फोटो काढताना पावडरीचा डबा बाजूला ठेवावा. उजेडाचे माप सदऱ्यावरून नव्हे, चेहऱ्यावरून घ्यावे. मोबाइल असेल तर पडद्यावर चेहऱ्याला बोट लावावे. बाजूला एक पांढरी चादर धरावी, म्हणजे परतलेला उजेड गालावर पडेल. सदरा थोडा जास्त उजळला तरी चालेल. फोटो सदऱ्याचा काढायचा नसतो.