आठ सीपीयू, पण मांडलेले कसे?

गेल्या वर्षी माझा एक चुकीचा निष्कर्ष पेपरमध्ये जाता जाता राहिला. चूक माझीच होती. व्हर्च्युअल मशीन सुरू करताना मी एक ओळ अर्धवट लिहिली होती. ती ओळ काय असते आणि तिच्यामागे केवढा विचार असतो, ते आज सांगते.

आधी पार्श्वभूमी. माझं काम लिनक्सच्या शेड्युलरवर आहे, म्हणजे कोणतं काम कोणत्या सीपीयूवर चालवायचं हे ठरवणाऱ्या भागावर. प्रयोग करताना खरं मशीन दर वेळी रीबूट करणं परवडत नाही, म्हणून क्यूईएमयू वापरते. फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ च्या सुमारास सुरू केलेला हा एम्युलेटर आहे. तो सॉफ्टवेअरमध्ये एक आख्खा संगणक उभा करतो. आतल्या ऑपरेटिंग सिस्टमला, म्हणजे गेस्टला, वाटतं आपण खऱ्या हार्डवेअरवर चालतोय.

किती सीपीयू हवेत ते क्यूईएमयूला ‘एसएमपी’ या पर्यायाने सांगतात. मी नुसतं ‘८’ लिहायचे. आठ म्हणजे आठ, त्यात काय सांगायचं? पण आठ सीपीयू अनेक प्रकारे मांडता येतात. मदरबोर्डवर आठ सॉकेट, प्रत्येकात एक कोअर. किंवा एकच सॉकेट आणि त्यात आठ कोअर. किंवा एक सॉकेट, चार कोअर, प्रत्येक कोअरमध्ये दोन थ्रेड. या मांडणीला टोपोलॉजी म्हणतात.

सोसायटीच्या पत्त्यासारखं समजा: विंग, मजला, फ्लॅट. एका मजल्यावर तीनच फ्लॅट असतील तर १०३ नंतर थेट २०१ येतो. १०४ नसतोच, पण नंबर कोणी सरकवत नाही, कारण पहिल्या आकड्यावरून मजला कळायला हवा. इंटेल-एएमडीच्या जगातही असंच आहे. प्रत्येक सीपीयूला एपिक आयडी नावाचा नंबर असतो आणि त्यातले ठरावीक बिट थ्रेडसाठी, ठरावीक कोअरसाठी, उरलेले सॉकेटसाठी. समजा दोन सॉकेट, प्रत्येकी तीन कोअर, प्रत्येकी दोन थ्रेड. दोन थ्रेडना एक बिट पुरतो, पण तीन कोअरना दोन बिट लागतात. म्हणून पहिल्या सॉकेटचे नंबर ० ते ५, मग ६ आणि ७ रिकामे, आणि दुसरा सॉकेट ८ पासून १३ पर्यंत. सीपीयू बारा, पण शेवटचा नंबर तेरा! एम्युलेटरला हे सगळं हुबेहूब करावं लागतं, कारण गेस्ट सीपीयूआयडी ही सूचना वापरून हेच वाचतो आणि त्यावरून आपला नकाशा बनवतो.

आता माझी फजिती. मूळ कर्नलची मोजमापं मी आधीच घेऊन ठेवली होती. मध्ये लॅबच्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टम अपग्रेड झाली. नंतर माझा बदल घातलेला कर्नल चालवला, तर आकडे एकदम सुधारलेले. मी खूश! ग्राफ काढून मॅडमना दाखवले. त्यांनी शांतपणे विचारलं, “जुना कर्नल या नव्या सेटअपवर चालवून बघितलास का?” बघितला नव्हता. बघितला, तर तोही जवळजवळ तेवढाच सुधारला होता. म्हणजे श्रेय माझ्या बदलाचं नव्हतंच.

कारण शोधायला दोन दिवस गेले. अपग्रेडबरोबर क्यूईएमयूही नवं आलं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या ६.२ या आवृत्तीत एक नियम बदलला. त्याआधी नुसतं ‘८’ लिहिलं की आठ सॉकेट मिळायचे, त्यानंतर एका सॉकेटमध्ये आठ कोअर मिळू लागले. माझी स्क्रिप्ट तीच होती, पण गेस्टला दिसणारं मशीन वेगळं झालं होतं.

त्याने वेगात फरक का पडावा? एका सॉकेटमधले कोअर एल३ कॅश वाटून घेतात असं क्यूईएमयू गेस्टला सांगतं. कॅश सामाईक असेल तर एका सीपीयूवरून दुसऱ्यावरच्या झोपलेल्या कामाला उठवताना लिनक्स बहुतेकदा दुसऱ्याच्या रांगेत थेट नोंद करतो. कॅश वेगळी दिसली की तो त्या सीपीयूला इंटरप्ट पाठवतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये असा इंटरप्ट महाग पडू शकतो, कारण त्यासाठी अनेकदा गेस्टमधून बाहेर यावं लागतं. माझ्या चाचणीत कामं सतत झोपत-उठत होती, त्यामुळे फरक मोठा दिसला.

मग क्यूईएमयूने नियम बदलला तरी कशाला? कारण नवा नियम वास्तवाच्या जवळ आहे. आठ सॉकेटचं मशीन किती जणांनी पाहिलंय? एका सॉकेटमध्ये अनेक कोअर ही नेहमीची गोष्ट झालीये. शिवाय काही ऑपरेटिंग सिस्टम सॉकेट मोजतात. विंडोज १० प्रो दोनच सॉकेट वापरतं, होम एकच. तिथे आठ सॉकेट दिले तर बाकीचे सीपीयू नुसते पडून राहणार.

पण जुन्या मशीनचं काय? चालू गेस्ट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना त्याच्या पायाखालचं हार्डवेअर बदलून चालत नाही. म्हणून क्यूईएमयूमध्ये मशीनच्या प्रकारालाही आवृत्ती असते. ‘पीसी-क्यू३५-६.१’ असं पूर्ण नाव दिलं तर जुनाच नियम लागतो. नुसतं ‘क्यू३५’ लिहिलं तर तुमच्याकडच्या क्यूईएमयूतला सर्वांत नवा प्रकार मिळतो. मी अर्थातच नुसतं ‘क्यू३५’ लिहिलं होतं. हे सगळं दस्तऐवजात व्यवस्थित लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

या प्रकारानंतर मला अशा इंटरफेसच्या दस्तऐवजाकडे वेगळ्या नजरेने बघायची सवय लागली. त्यात तीन गोष्टी हव्यातच असं माझं मत आहे. पहिली, पातळ्यांच्या नावांचे अर्थ. एआरएमवर ‘क्लस्टर’ आहे, एक्स८६ वर ‘डाय’ आणि ‘मॉड्यूल’, आयबीएमच्या मेनफ्रेमवर ‘बुक’ आणि ‘ड्रॉवर’. प्रत्येक नाव प्रत्येक मशीनला लागू नाही. दुसरी, न लिहिलेल्या गोष्टींचं काय होतं आणि ते कोणत्या आवृत्तीपासून. तिसरी, गणिताचा नियम: सगळ्या पातळ्यांचा गुणाकार कमाल सीपीयूंच्या संख्येइतकाच यायला हवा, नाहीतर मशीन सुरू न करता स्पष्ट चूक दाखवावी. अंदाजाने दुरुस्त करून पुढे जाणारा इंटरफेस मदत करतोय असं वाटतं, पण माझ्यासारख्याला महिनाभराने रडवतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. टोपोलॉजी म्हणजे गेस्टला सांगितलेली माहिती, खऱ्या कोअरवर केलेली नेमणूक नव्हे. व्हर्च्युअल सीपीयू हे होस्टवरचे साधे थ्रेड असतात आणि होस्ट त्यांना कुठेही फिरवू शकतो. ‘हे दोघं एकाच कोअरचे थ्रेड आहेत’ असं सांगायचं असेल, तर त्यांना खऱ्या कोअरच्या जोडीवर बांधून ठेवायला हवं. नाहीतर नकाशा एका गावाचा आणि आपण दुसऱ्याच गावात.

आता माझ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये सॉकेट, कोअर, थ्रेड आणि मशीनची आवृत्ती सगळं स्पष्ट लिहिलेलं असतं. गेस्ट सुरू झाला की पहिलं काम म्हणजे ‘एलएससीपीयू’ चालवून त्याचं उत्तर निकालांच्या फोल्डरमध्ये ठेवणं. मूळ मोजमापं पुन्हा घेतली. माझ्या बदलाने खरोखर होणारी सुधारणा बरीच लहान निघाली. पेपरमध्ये आता तीच जाणार आहे.