'ग्रीफ' आणि शोक

'ग्रीफ' या इंग्रजी शब्दास 'दुःख' असा प्रतिशब्द देऊन वर्गात पुढे जाण्याचा प्रघात आम्हांस अपुरा वाटतो. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचे मूळ लॅटिन 'ग्राविस', म्हणजे जड. संस्कृत 'गुरु' त्याचाच सगोत्र. आरंभी तो जाच, हालअपेष्टा या अर्थी योजीत; मृत्युशोकाचा अर्थ मागाहून रूढ झाला. आपला 'शोक' मात्र 'शुच्' धातूचा. त्यात भार नाही, दाह आहे. 'जड अंतःकरण' आपणही म्हणतो, हे खरे. पण पोटचे पोर गेलेल्या आईचे काळीज जळतच असते. तेव्हा इंग्रजी शोकगीत शिकविताना 'दुःखभार' हा शब्द आम्ही सुचवितो. 'ग्रीव्हन्स' त्याच मुळाचा. कोशातील 'तक्रार' तेथे कोरडी वाटते. मुळगावी केळबाईपुढे घालतात ते गाऱ्हाणे त्यास अधिक जवळचे.