आतडी साफ करताना तान्ह्या बाळाला जपा

डुकराचे मटण नीट शिजवले की भीती नाही, असे आपण मानतो. खाणाऱ्यापुरते ते बरेचसे खरेही आहे. पण जे बाळ मटण खातच नाही, त्यालाही डुकराच्या पोटातला जंतू गाठू शकतो. तो कसा, हे आम्ही एका घडलेल्या गोष्टीवरून सांगतो.

अमेरिकेतल्या अटलांटा शहरात 1988 च्या हिवाळ्यात कृष्णवर्णीय कुटुंबांतली काही बाळे जुलाबाने आजारी पडली. बहुतेक अवघ्या काही महिन्यांची. तपासणीत येर्सिनिया नावाचा जंतू सापडला. तिथल्या कृष्णवर्णीय घरांत नाताळच्या दिवसांत डुकराची आतडी शिजवण्याची जुनी रीत आहे. गुलामगिरीत चांगले मांस मालकाच्या घरी जाई आणि आतडी गुलामांच्या वाट्याला येत. त्यांनी त्यातूनच सणाचा पदार्थ केला. पण आतडी साफ करायला तासन्‌तास लागतात. ज्या हातांनी ती साफ केली, त्याच हातांनी बाळाला घेतले, दुधाची बाटली भरली. जंतू त्या वाटेने बाळापर्यंत पोचला, असा निष्कर्ष निघाला.

मग हा जंतू आतड्यांत येतो कुठून? मोठ्या वराहपालन केंद्रांत शेकडो डुकरे एका छपराखाली असतात. येर्सिनिया त्यांच्या घशात आणि आतड्यांत राहतो, तरी डुक्कर आजारी दिसत नाही. विष्ठेतून जंतू जमिनीवर पडतो, तिथे दुसरे डुक्कर तोंड लावते. साल्मोनेला या जंतूचेही तसेच. त्याला उंदीर, माश्या आणि कामगारांचे बूटही इकडून तिकडे नेतात. कत्तलीआधी डुकरे जिथे कोंडून ठेवतात, तिथे चांगल्या डुकरालाही काही तासांत साल्मोनेला लागू शकतो. डेन्मार्कने 1995 पासून डुकरांच्या कळपांत साल्मोनेला रोखण्याची देशभर मोहीमच हाती घेतली. मांस ताजे दिसते म्हणून ते जंतूविना आहे, असे समजू नये.

आपल्याकडेही वजडी साफ करणारी बाई आणि बाळाला पाजणारी बाई बहुधा एकच असते. मोरीही एकच. म्हणून एवढे पाळा:

• डुकराची आतडी आधी 5 मिनिटे उकळा, ते पाणी टाकून द्या, मग साफ करा.
• साफसफाई चालू असताना बाळ दुसऱ्या कुणाकडे द्या. घरातल्या पुरुषांनीही बाळ सांभाळावे.
• बाळाला घेण्याआधी, बाटली-वाटीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. नखेही घासा.
• मोरी, सुरी, पाट साबणाने धुवा. त्या मोरीत बाळाची भांडी ठेवू नका.
• कच्चे मांस फ्रीजमध्ये फार दिवस ठेवू नका. येर्सिनिया थंडीतही वाढतो.

बकऱ्याची वजडी असो वा कोंबडी, हात धुण्याचा नियम तोच.

बाळाला जुलाब झाले तर अंगावरचे दूध बंद करू नका. ओआरएस कसे आणि किती द्यायचे, ते आशाताईंना विचारा. शीमध्ये रक्त दिसले, ताप आला, बाळ दूध ओढेनासे झाले किंवा मलूल पडले, तर मेडिकलमधून गोळ्या आणत बसू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा आणि घरात आतडी साफ केली होती, हे डॉक्टरांना न लाजता सांगा. त्यावरून कोणता जंतू शोधायचा, ते त्यांना कळते.