स्टेडियम, अरीना, टर्फ की ऑडिटोरियम? कोटेशन देण्याआधी विचारा!



परवाच्या व्हिडिओत कोटेशनबद्दल बोललो, पण एक मुद्दा राहिला: जागेचं नाव.

माझं बोईसरचं फ्लेक्सचं दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, "ऑडिटोरियममध्ये बॅनर लावायचाय." मी आतलं काम समजून पातळ फ्लेक्स दिला, फ्रेम नाही. निघालं काय, तर मैदानातलं उघडं स्टेज! संध्याकाळी वारा सुटला, बॅनर फाटला. दुसरा पदरच्या पैशाने छापून दिला. चूक माझीच, कारण मी विचारलंच नव्हतं.

म्हणून हे शब्द एकदा नीट बघू.

ग्राउंड: मोकळं मैदान, जसं दादरचं शिवाजी पार्क. मांडव, लाईट, खुर्च्या आपण न्यायच्या असं धरूनच हिशोब करा.

स्टेडियम: मैदान आणि भोवती प्रेक्षकांची कायमची बैठक. मुंबईतलं वानखेडे किंवा १९३७ चं ब्रेबॉर्न. खेळायच्या जागेवर बहुधा आकाश मोकळं, म्हणजे वारा-पाऊस आलाच.

अरीना: मधे खेळ, भोवती प्रेक्षक. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वाळू, कारण रोमन लोक झुंजीच्या जागेवर वाळू पसरत. आज बहुतेकदा छप्पर असलेल्या मोठ्या जागेला म्हणतात. वरळीचं एनएससीआय डोम त्याच पद्धतीचं.

ऑडिटोरियम: छप्पर, एका बाजूला स्टेज, समोर खुर्च्या. आपलं सभागृह किंवा नाट्यगृह. ठाण्याचं गडकरी रंगायतन डोळ्यासमोर आणा.

थिएटर: इथे सांभाळा. कुणी सिनेमाचं म्हणतं, कुणी नाटकाचं. विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जिमखाना: म्हणजे जिम नव्हे! जिम ही व्यायामशाळा, जिमखाना हा खेळांचा क्लब. भारतातली पहिली कसोटी १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाली.

कोर्ट: टेनिस, बॅडमिंटनसाठी रेषा आखलेली जागा. छप्पर असेल किंवा नसेल.

टर्फ: शब्दाचा अर्थ गवताचा थर. आपल्याकडे मात्र कृत्रिम गवत आणि भोवती जाळी असलेली, तासाच्या भाड्याने मिळणारी जागा. पालघर-बोईसरला टर्फ काढायचा विचार असेल तर बोर्डावर उगाच 'स्टेडियम' लिहू नका. माणूस बसायला जागा शोधत येतो, ती नसली की पहिल्याच दिवशी नाराज होतो. साधं 'टर्फ' लिहा. बॉक्स क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना बरोबर कळतं.

आता मुख्य गोष्ट. बॅनर असो, केटरिंग असो की साऊंड, गिऱ्हाईक कुठलाही शब्द वापरू दे, आपण तीन प्रश्न विचारायचे:

१. वर छप्पर आहे का?
२. प्रेक्षक कुठे बसणार, समोर की चारही बाजूंनी?
३. लाईट-पाणी जागेचं की आपलं?

जमलं तर मोबाईलवर जागेचा फोटो मागवा. उत्तरं कोटेशनमध्येच लिहून ठेवा, म्हणजे नंतर 'तुम्ही म्हणाला होतात' हा वाद नको.

दोन मिनिटांचा फोन आहे. मी तो केला नाही, म्हणून अख्खा बॅनर अंगावर आला. तुम्ही करा!