एकच नट, 52 माणसं

‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री नाटकात रंगमंचावर लक्ष्मण देशपांडे एकटेच, प्रेक्षकांना मात्र 52 माणसं भेटत. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या या नाट्यशास्त्राच्या प्राध्यापकानं आवाज बदलला, की रिकाम्या जागी नवा माणूस उभा राही. त्याला उभा करायचा प्रेक्षकाचा मेंदू.

ओळखीच्या प्रत्येकाचा एक नमुना मेंदू बाळगतो: हा काय बोलेल, कशावरून चिडेल. कल्पित पात्रासाठीही हीच यंत्रणा राबते. लेखकाचं ते काम सरावानं सायकलवरच्या तोलासारखं आपोआप होऊ लागतं. कष्ट जाणवत नाहीत, म्हणून त्याला पात्र स्वतःहून बोलल्यासारखं वाटत असावं.

यात वेडबिड काही नाही. एडिंबराच्या पुस्तक महोत्सवात आलेल्या 181 लेखकांच्या पाहणीत 63 टक्क्यांनी आपल्या पात्रांचे आवाज ऐकू येतात, असं सांगितलं. काहीजण तर पात्रांशी चक्क गप्पा मारत!