शिष्यवृत्ती म्हणजे गुणांचं बक्षीस नव्हे

बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत एक हिशेब आपोआप मांडला जातो: नव्वदच्या वर टक्के असतील तर शिष्यवृत्ती, नसतील तर विषय संपला. या हिशेबापायी पात्र मुलंही अर्ज करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. शिष्यवृत्ती देणारा मागच्या गुणांची शाबासकी देत नसतो, तो काही हेतूने पुढच्या शिक्षणावर पैसा लावत असतो. केंद्र सरकारची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची गुणवत्ता शिष्यवृत्ती पाहा. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत ती वर्षाला 12 हजार रुपये देते. तिची अट 80 टक्क्यांची नाही, 80 पर्सेंटाइलची आहे. म्हणजे आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी वरच्या वीस टक्क्यांत नाव हवं, मग गुण 75 टक्के का असेनात. विज्ञान, वाणिज्य आणि कला यांचा वाटा 3:2:1 असा आधीच ठरलेला असल्याने कला शाखेच्या मुलीची स्पर्धा विज्ञानवाल्यांशी नसतेच. उलट 97 टक्के मिळवूनही घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या वर गेलं की अर्ज बाद. ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती वर्षाला 80 हजारांपर्यंत देते, पण मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यालाच. तेवढेच गुण घेऊन इंजिनिअरिंगला गेलेल्याला नाही. मुलं संशोधनाकडे वळावीत, हा तिचा हेतू. म्हणून शोधाची सुरुवात ‘माझे गुण किती’ इथून न करता ‘मी जे शिकणार आहे ते कुणाला हवं आहे’ इथून करावी.

यावर लगेच म्हटलं जातं की खुल्या प्रवर्गाला काही मिळतच नाही. वरच्या दोन्ही योजना सर्व प्रवर्गांना खुल्या आहेत, आणि राज्य सरकारच्या ‘महाडीबीटी’ पोर्टलवर खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्तीही आहे. सरकारी पोर्टलांवर अर्जाला पैसे लागत नाहीत. ‘प्रोसेसिंग फी’ मागणारा माणूस दिसला की तिथूनच परत फिरावं.

काही शिष्यवृत्त्यांसाठी मुलाखतही असते. तिची भीती मात्र वेगळी. फाडफाड इंग्रजी आणि पाठ केलेलं सामान्यज्ञान यांवर निवड होते, अशी समजूत आहे. डॉ. आंबेडकरांच्या चरित्रात बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी झालेल्या भेटीची हकीकत येते, ती या समजुतीला चांगलं उत्तर आहे. महाराजांनी विचारलं, कोणता विषय शिकणार? समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक अर्थकारण, असं उत्तर आलं. त्याचं पुढे काय करणार? आपल्या समाजाची स्थिती सुधारण्याचे मार्ग शोधणार. मग खरी कसोटी: नोकरी आमच्याकडे करायची, तर हे सगळं एकत्र जमणार कसं? संधी मिळाली तर जमवीन, असं त्यांनी सांगितलं. 1913 मध्ये त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड मंजूर झाले. आजच्या पॅनेलचे प्रश्नही याच वळणाचे असतात, आणि ते बहुधा तुमच्याच अर्जातून निघतात. म्हणून अर्जात लिहिलेल्या प्रत्येक वाक्यावर दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे. ‘ग्रामीण विकासासाठी काम करीन’ हे वाक्य पुढच्याच प्रश्नाला कोसळतं. ‘आमच्या तालुक्यातल्या डाळिंबबागांवरच्या तेल्या रोगाचा अभ्यास करायचा आहे’ हे टिकतं.

तरीही शहरी, इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मुलाखत सोपी जाते, हा आक्षेप खोटा नाही. सफाईने बोलणाऱ्याचा प्रभाव पडतो आणि तो पडू नये याची जबाबदारी निवड करणाऱ्यांची आहे. पण उच्चार महिन्याभरात बदलत नाहीत. आशय तेवढ्या वेळात नक्की तयार होतो. माहीत नसेल तर तसं सरळ सांगावं. थाप मारली की पुढचे प्रश्न त्या थापेवरच येतात.

शेवटची समजूत म्हणजे हा फुकटचा पैसा आहे. आंबेडकरांना बडोदे संस्थानात दहा वर्षं नोकरीचा करार करावा लागला होता. 1892 पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची मदत ही कर्ज-शिष्यवृत्ती आहे, ती फेडावी लागते. केंद्राच्या शिष्यवृत्तीचं नूतनीकरणही दरवर्षी 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी असेल तरच होतं. या अटी अर्ज भरण्याआधी वाचाव्यात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता काढून ठेवावा, आणि आधार व दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव अक्षरशः जुळतं का, तेही तेव्हाच तपासावं.