वास्तुविद्येचा विद्यार्थी आणि सोलापूरचा मुलूख

सोलापूरचा भुईकोट किल्ला श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. किल्ल्यालगत सिद्धेश्वराचें तळें, त्या तळ्यांत मंदिर, आणि भोंवतीं पसरलेलें शहर, एवढें पाहून सामान्य प्रवासी समाधानानें परततो. परंतु वास्तुविद्येचा नवा विद्यार्थी तेथें आला, कीं मापाची फीत, ओळंबा आणि कागद हातीं देऊन त्याला एखाद्या दरवाजाचें माप घ्यावयास सांगावें. सारा दिवस त्या एका दरवाजापायीं जाईल. कमानीची रुंदी तळाशीं किती, ती वळूं लागते तेथें किती, भिंतीची जाडी किती, दगडाचा एकेक थर किती इंचांचा, हें टिपतां टिपतां सायंकाळ होते. घरीं येऊन तो तीं मापें कागदावर मांडूं लागतो, तेव्हां दोन बाजू जुळत नाहींत, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा जावें लागतें. या पुन्हा जाण्यांतच या विद्येचा बराचसा अभ्यास सांठलेला आहे.

ही रीत आपल्याकडे आज निघाली असें नव्हे. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत प्रथम नकाशे काढणारे कुशल मदतनीस तयार व्हावेत एवढाच हेतु होता. १९१३ सालीं तेथें वास्तुशास्त्राची स्वतंत्र शाखा निघाली. १९२३ पासून १९४३ पर्यंत त्या शाखेची सूत्रें क्लॉड बॅटली यांच्या हातीं होतीं. ग्रीक आणि रोमन खांबांच्या नकला करण्यापेक्षां विद्यार्थ्यांनीं आपल्या देशांतील मंदिरें, मशिदी आणि वाडे यांचीं मापें घ्यावीं, असा त्यांचा कटाक्ष असे. १९३४ सालीं त्यांनीं भारतीय वास्तूंच्या मोजीव चित्रांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. ज्यांनीं हा धंदा नांवारूपाला आणला ते तर विद्यार्थीच होते. १९१७ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या विद्यार्थी-संघांतूनच पुढें १९२९ सालीं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही संस्था आकारास आली. १९७२ च्या कायद्यानें या व्यवसायाला नियम घालून दिले, आणि आज हा अभ्यासक्रम पांच वर्षांचा आहे.

त्या पांच वर्षांत व्याख्यानें पुष्कळ होतात. परंतु केवळ व्याख्यानानें जें कळत नाहीं, त्याचें उत्तम उदाहरण सोलापुराहून सुमारें शंभर किलोमीटरवर, विजापुरांत उभें आहे. चौकोनी दालनावर वाटोळा घुमट बसवावयाचा तर चार कोपऱ्यांचें काय करावयाचें, हा वास्तुविद्येंतला जुना प्रश्न. गोल घुमटांत हा प्रश्न कसा सोडविला, हें फळ्यावर खडूनें काढून दाखवितां येतें. विद्यार्थी तें वहींत उतरवून घेतो आणि विसरतो. मग एके दिवशीं तो त्या दालनांत उभा राहतो. दालनाची एकेक बाजू सुमारें १३५ फूट, वरच्या घुमटाचा आंतला व्यास सुमारें १२४ फूट, आणि मध्यें एकहि खांब नाहीं! वर मान करून पाहिलें म्हणजे दिसतें कीं आठ मोठ्या कमानी एकमेकींना छेदीत वर चढल्या आहेत, आणि त्यांच्या छेदांतून चौकोनाचा क्रमाक्रमानें वर्तुळ होत गेला आहे. घुमटाचें ओझें भिंतींना बाहेर लोटूं पाहतें. तर कमानींवरचें आंत झुकलेलें बांधकाम आपल्या वजनानें उलट आंतल्या बाजूस ओढतें. दोन ओढींचा असा तोल साधलेला आहे. १६५६ सालीं मुहम्मद आदिलशहा मरण पावला, तेव्हांपासून ही वास्तु त्याची कबर सांभाळीत आहे. तेथील प्रतिध्वनीचीच गंमत ऐकून परतणाऱ्या सहली पुष्कळ. त्यांचा राग येण्याचें कारण नाहीं, पण वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यानें तरी टाळ्या वाजविण्यापूर्वीं कोपरे पाहावेत.

नळदुर्ग याहूनहि जवळ आहे. तेथें बोरी नदीला घातलेल्या बंधाऱ्याच्या पोटांतच पाणीमहाल बांधलेला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळचें, १६१३ सालचें हें काम. पावसाळ्यांत नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतें, आणि आंत बसलेला मनुष्य कोरडा राहून तो देखावा पाहतो. बंधारा हें स्थापत्याचें काम आणि महाल हें वास्तुकलेचें, अशी जी वांटणी पुढें विद्यालयांतून झाली, ती त्या कारागिरांस ठाऊक नव्हती. तेरचें विटांचें त्रिविक्रम मंदिरहि याच टापूंतलें. मागच्या बाजूस अर्धवर्तुळाकार असलेली अशी प्राचीन वास्तु उभी सांपडणें दुर्मिळ. तिच्यासाठीं एक दिवस वेगळा काढावा.

कार्यशाळेंतला अनुभव याहून निराळा, आणि बहुतेकांस प्रथम अपमानकारक वाटणारा. चित्र सुरेख काढणाऱ्या मुलाला चार रद्दे ओळंब्यांत रचतां येत नाहींत, आणि शेजारचा गवंडी गालांत हंसतो. सोलापूरच्या मुलखांत शिकावयाच्या गोष्टीहि येथल्याच आहेत. येथील काळी माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातलेलें घर चार पावसाळ्यांत तडकतें. म्हणून जुने लोक मुरूम लागेपर्यंत खणीत असत. मुरूम फार खोल असला तर काय करावें, यावर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें तळाशीं कंदासारखा फुगवटा असलेले खांब सुचविले. तो फुगवटा कां हवा, हें भेगाळलेल्या मातीचें ढेकूळ पाण्यांत टाकून पाहिल्यावर चटकन् पटतें.

तसेंच माळवदाचें. तुळया, त्यांवर लांकडाच्या किलचा, त्यांवर पाला, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, असें तें छप्पर. वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, तेव्हां या थरांतून ऊन खालीं उतरावयास इतका वेळ लागतो कीं तोंवर रात्र होते, आणि माणसें माळवदावर निजावयास गेलेलीं असतात. सिमेंटचा पातळ स्लॅब मात्र तिसऱ्या प्रहरींच खोली तापवितो. अर्थात् माळवद गळतें, दरवर्षीं त्याची डागडुजी करावी लागते, आणि त्यावर दुसरा मजला चढत नाहीं. हेंहि विद्यार्थ्यानें प्रामाणिकपणें नोंदवावें. जुन्याच्या प्रेमांत हिशेब विसरणारे शिक्षक कांहीं थोडे नाहींत.

या सर्व अभ्यासाची कसोटी लागते ती शहराच्या पूर्वभागांत. येथें तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या वस्त्या आहेत. पूर्वीं घरांतच खड्ड्याचा माग असे, आणि माणसांनीं उरल्या जागेंत राहावयाचें. असंख्य बायका विड्या वळतात. पानें आणि तंबाखू कारखान्यांतून घरीं आणावयाची, पानें भिजवावयाचीं, पत्र्याच्या साच्यानें कापावयाचीं, सूप मांडीवर घेऊन विड्या बांधावयाच्या, आणि मोजून परत द्यावयाच्या. या श्रमिकांनीं घरांसाठीं दीर्घ लढा दिला. कुंभारी येथें गोदूताई परुळेकर वसाहतीचीं दहा हजार घरें २००६ सालीं लोकार्पण झालीं. रायनगरची योजना तीस हजार घरांची, आणि त्यांतील पंधरा हजार घरें जानेवारी २०२४ मध्यें रहिवाशांना मिळालीं. भाड्याच्या खोलींत जन्म काढलेल्या बाईच्या नांवावर घर होणें ही लहान गोष्ट नव्हे.

अशा लहान घराचा आराखडा विद्यार्थ्याला काढावयास दिला, तर तो सहसा बैठकीची खोली, निजावयाची खोली आणि स्वयंपाकघर अशीं नांवें लिहून मोकळा होतो. मग त्याला वस्तींत एक दिवस बसवावें. बाई उंबऱ्याशीं बसते, कारण तेथेंच उजेड असतो. ऊन सरकेल तसें तिचें सूप सरकतें. पानें भिजवावयाचें पातेलें न्हाणीच्या वाटेवर असतें. तंबाखूची धूळ घरभर होते, आणि मूल तेथेंच निजलेलें असतें. खिडकी कोणत्या भिंतींत, जमिनीपासून किती उंचीवर काढली म्हणजे मांडीवरच्या सुपावर उजेड पडेल आणि धूळ मुलाकडे न जातां बाहेर जाईल, हें त्याला कोणत्याहि पुस्तकांत सांपडत नाहीं. तो फीत काढतो, बसलेल्या बाईच्या डोळ्यांची उंची आणि उंबऱ्यापासूनचें अंतर मोजतो, आणि परत येऊन पहिला आराखडा खोडून दुसरा काढावयास घेतो.